मेथीच्या वाफ्यात मांजर

वाचकांचे प्रश्न, बागेच्या पानाची उत्तरं

यंदाच्या टपालात शेजारपाजारच्या मांजरांनी बाग उकरल्याच्या तक्रारी जास्त आहेत. बहुतेकांनी विचारलंय, मांजर हाकलायचं कसं. आमची उत्तरं मात्र बरीचशी मातीबद्दल आहेत, कारण मांजर कुणाचं ऐकत नाही, माती ऐकते.

चार फूट बाय सहा फुटांच्या वाफ्यात मेथी आणि कोथिंबीर पेरतो. पेरून पाणी दिलं की दुसऱ्या दिवशी सकाळी वाफा उकरलेला. हे मांजराचंच काम का, आणि उपाय काय? (सातारा)

आधी आरोपी पक्का करा. संध्याकाळी वाफ्याच्या कडेने वीतभर रुंदीचा रांगोळीचा पातळ पट्टा ओढा. सकाळी त्यात दहा रुपयांच्या नाण्याएवढा किंवा किंचित मोठा, गोलसर ठसा दिसला, चार बोटं उमटली पण नखं उमटली नाहीत, तर मांजर. नखांची टोकं दिसली तर कुत्रं. पाच बोटं दिसली तर मुंगूस किंवा उदमांजर. उदमांजराला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, त्याला पकडायला जाऊ नका. आणि ठसे राहिले बाजूला, हातभर खोल बीळ आणि तोंडाशी मातीचा ढीग असेल तर ती घूस. तिला खालचे उपाय लागू पडणार नाहीत. मांजर उथळ खणतं, दोन-तीन इंच, आणि वरून माती ओढतं.

ठसे मांजराचे निघाले असं धरून पुढे. मांजराला शौचासाठी हलकी, भुसभुशीत, वरून कोरडी माती लागते. ढेकळं फोडून, शेणखत मिसळून तुम्ही नेमकी तीच तयार करता. सकाळी पाणी दिलं तर वरचा अर्धा इंच रात्रीपर्यंत कोरडा होतो, म्हणून पेरणीनंतरचे दहा दिवस पाणी संध्याकाळी द्या. एवढ्याने थोडा फरक पडतो. खरा उपाय जाळीचा.

एक इंची कोंबडी जाळी आणा. तीन फूट रुंदीच्या गुंडाळीतली आठ फूट पुरते. तिचे चार-चार फुटांचे दोन तुकडे करा, कारण पूर्ण वाफ्याची एकच चौकट एकट्याला उचलता येत नाही. बांबूच्या पट्ट्यांच्या दोन चौकटी करा, मधोमध एक आडवी पट्टी द्या आणि जाळी ताणून यू-खिळ्यांनी ठोका. मधली पट्टी विसरलात तर जाळीला झोळ येतो आणि मांजर त्याच झोळात आरामात बसतं. चारी कोपऱ्यांखाली आडव्या विटांचे तुकडे ठेवा, म्हणजे जाळी मातीपासून तीन इंच वर राहील. जाळीच्या कापलेल्या तारा आत वळवून चेपा. त्या मांजराच्या पंजात जातातच, तुमच्याही हातात जातात.

मेथी चौथ्या-पाचव्या दिवशी उगवते आणि आठव्या-दहाव्या दिवशी जाळीला टेकते. टेकली की त्याच दिवशी चौकट काढा. इथेच बहुतेकांचं चुकतं. दोन दिवस आणखी ठेवली की पानं भोकांतून वर येतात आणि चौकट उचलताना रोपं मुळासकट वर येतात. कोथिंबीर उगवायलाच आठ ते बारा दिवस घेते (धणे रगडून दोन फाका केल्या तर लवकर), तिच्यावर चौकट तीन आठवडे राहू द्या. मेथी दाट पेरा. जमीन पानांनी झाकली गेली की मांजराचा रस संपतो.

वांगी, मिरची, टोमॅटो यांच्या वाफ्यात चौकट नको. तिथे जाळी मातीवर सपाट अंथरा, रोपाच्या जागी सहा इंचांचं भोक कापा आणि जाड तारेच्या सहा इंची यू-पिना दर दीड फुटावर ठोका. हंगामभर तशीच राहू द्या. कोकणात लोखंडी जाळी एका पावसात गंजते, तिथे जाड प्लॅस्टिकची घ्या. मासेमारीची किंवा पक्ष्यांसाठीची पातळ नायलॉन जाळी सैल टाकू नका. त्यात धामण अडकते आणि सुटायच्या धडपडीत स्वतःला कापून घेते.

गच्चीवर कोकोपीट घातलेल्या पन्नास कुंड्या आहेत. मांजरं त्यांत झोपतात आणि घाणही करतात. खडी घातली, तरी फरक नाही. (चिंचवड)

खडी कोणती घातलीत ते लिहिलं नाही, पण बहुधा बारीक असणार. वाटाण्याएवढी खडी म्हणजे मांजराच्या दृष्टीने चांगली वाळूच. गोटे लिंबाएवढे हवेत, दीड ते दोन इंचांचे, आणि एकमेकांना खेटून. पंजा घातला की हलले नाहीत पाहिजेत.

पण गच्ची आहे, तेव्हा वजनाचा हिशोब करा. बारा इंची कुंडीचं तोंड भरायला असे साडेचार किलोच्या आसपास गोटे लागतात. पन्नास कुंड्यांचे सव्वादोनशे किलो झाले, ओली माती वेगळी. जुन्या इमारतीच्या स्लॅबवर हा भार आम्ही टाकायला सांगणार नाही. त्याऐवजी करवंट्या वापरा. बारा इंची कुंडीत रोपाभोवती पाच-सहा अर्ध्या करवंट्या बसतात. वजन नगण्य आणि फुकट. त्या उपड्याच ठेवायच्या, कारण उताण्या करवंटीत पावसाचं पाणी साचतं आणि आठवड्याभरात डेंग्यूच्या डासांची पैदास होते. पावसाळ्यात करवंट्यांखाली गोगलगाई जमतात. आठ दिवसांनी एकदा सकाळी करवंट्या उलटून गोगलगाई वेचा.

नारळाच्या शेंड्या किंवा सोडणांचा भुगा वर पसरू नका. मऊ, उबदार गादी होते आणि झोपायला आणखी दोन येतात. कोरडा बारीक पालापाचोळाही तसाच. उसाचं पाचट चालतं, त्याची धार पायाला बोचते.

लहान कुंड्यांसाठी खराट्याचे हीर वापरा. दहा-बारा इंचांचे तुकडे करून दर तीन इंचांवर एक हीर खोल खोवा, सात-आठ इंच वर राहू द्या. मांजराला बसण्याआधी स्वतःभोवती फिरायला जागा लागते, तीच मिळत नाही. हीर लवचीक असतो, डोळ्याला लागला तरी वाकतो. बांबूच्या टोकदार सळ्या किंवा कबाबाच्या काड्या लावू नका, अंधारात उडी मारणाऱ्या मांजराच्या पोटात घुसतील.

रिकाम्या कुंड्या भरून ठेवायची सवय असेल तर ती सोडा. रोप नसलेली कुंडी मांजराला पहिली सापडते. तात्पुरती पालथं घमेलं टाकून झाका.

आमच्याकडे गुलाब आणि कढीपत्त्याला मासे धुतलेलं पाणी घालतात. मांजरं मुळापर्यंत उकरतात. एका कुंडीत मात्र मासळीचं पाणी कधीच घातलं नाही, तरी तिथेही लोळतात. असं का? (रत्नागिरी)

पहिल्याचं उत्तर तुमच्या प्रश्नातच आहे. मासळीच्या पाण्याने झाड फोफावतं हे खरं, पण ते मातीवर ओतलं की वास दोन-तीन दिवस टिकतो. बुंध्यापासून वीतभर अंतरावर सहा इंच खोल खड्डा करा, पाणी त्यात ओता, ते जिरलं की माती दाबून वर एक फरशीचा तुकडा ठेवा. दुसऱ्या वेळी दुसऱ्या बाजूला. बोनमीलचंही (हाडांच्या भुकटीचं खत) तेच. वर भुरभुरू नका, कुंडी भरतानाच खालच्या थरात मिसळा. मासे आणि गुळाचं आंबवलेलं द्रावण फवारत असाल तर सकाळी फवारा. संध्याकाळी फवारलेलं रात्रभर आमंत्रण देतं.

दुसऱ्या कुंडीत एक तण शोधा. वीत-दीड वीत उंच, दातेरी पानं, पानांच्या बगलेत उभे हिरवे तुरे आणि तुऱ्यांवर वाटीसारखी छोटी हिरवी पानं. ही खोकली. पावसाळ्यात कुंड्यांत आपोआप उगवते. हिच्या मुळाच्या वासाने मांजरं वेडावतात, उकरून मूळ चघळतात आणि तिथेच लोळतात. मलयाळममध्ये तिला पूच्चमयक्की म्हणतात, मांजराला भुलवणारी. ती मुळासकट उपटा आणि उपटलेली कुंडीशेजारी टाकून ठेवू नका, मूळ उघडं पडलं की वास वाढतो. गवती चहाची पातही मांजरं आवडीने खातात. तो मुद्दाम बागेच्या पार टोकाला लावलात तर ती तिकडे रमतील, हा उपाय मात्र अर्धाच समजा.

डांबर गोळ्या, फिनेल, मिरची पूड, निलगिरी तेल यांपैकी सर्वांत परिणामकारक काय? (नाशिक)

यांतलं काहीही घालू नका. फिनेलमधली फिनॉलवर्गी द्रव्यं निकामी करणारी यंत्रणा मांजराच्या यकृतात फार दुबळी असते. फिनेल सांडलेल्या फरशीवरून मांजर चालतं, मग पंजे चाटून स्वच्छ करतं आणि विष पोटात जातं. याच दुबळेपणामुळे आपण तापासाठी घेतो ती पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. निलगिरी, टी-ट्री, संत्र्याचं तेल यांचा धोका तसाच. डांबर गोळ्या पावसात विरघळत नाहीत, मातीत पडून राहतात, आणि घरात रांगतं मूल असेल तर आधी ती त्याच्या तोंडात जातील. मिरची पूड पंजावरून डोळ्यांत जाते आणि जनावर तासन्‌तास तडफडतं. तिचा परिणाम पहिल्या पाण्याला संपतो, तेव्हा ‘परिणामकारक’ हा शब्दही तिला लागू होत नाही.

शिवाय कायदा आहे. प्राण्याला विष देणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली गुन्हा आहे, शिक्षा पाच वर्षांपर्यंत. ‘आम्ही फक्त बागेत टाकलं होतं’ या सबबीवर अवलंबून राहू नका.

संत्र्या-मोसंब्यांच्या साली आणि वापरलेली कॉफी पूडही लोक सुचवतात. ताज्या सालींचा वास मांजराला आवडत नाही, पण तो दोन दिवसांत जातो आणि नंतर सालींवर चिलटं बसतात. कॉफीत कॅफीन असतं, तिचा चोथा खाल्ला गेला तर कुत्र्या-मांजराला बाधतो. ती थेट खताच्या डब्यात टाका.

एक बोका रोज पहाटे तुळशी वृंदावनावर पिचकारी मारून जातो. फिनेलने धुतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा. तुळसही करपली. (कोल्हापूर)

हा शौचाचा प्रश्न नाही. बोका उभ्या पृष्ठभागावर, आपल्या नाकाच्या उंचीवर, शेपूट ताठ करून फवारा मारतो. ती त्याची पाटी असते. फिनेलचा उग्र वास त्याला परका वाटतो आणि तो आपली पाटी ठळक करून जातो. म्हणजे तुम्ही रोज पुसता आणि तो रोज लिहितो.

मांजराच्या मूत्रातलं यूरिक आम्ल दगडाच्या किंवा सिमेंटच्या छिद्रांत स्फटिक होऊन बसतं. पाण्याने आणि साबणाने ते निघत नाही, दमट हवेत पुन्हा वास देतं. ते मोडायला एन्झाइम असलेलं क्लीनर लागतं, पाळीव प्राण्यांच्या दुकानात मिळतं. क्रम असा ठेवा. आधी नुसत्या पाण्याने भरपूर धुवा, म्हणजे फिनेलचा अंश जाईल. तो राहिला तर एन्झाइम निकामी होतं, आणि ‘महागाचं आणलं, काही झालं नाही’ ही तक्रार बहुधा यामुळेच असते. वृंदावन कोरडं झालं की क्लीनर दगड भिजेपर्यंत ओता, वर ओलं फडकं आणि त्यावर प्लॅस्टिकचा कागद गुंडाळून रात्रभर ठेवा. सुकलं की एन्झाइमचं काम थांबतं. दोन-तीन दिवसांनी पुन्हा एकदा करा. नेमकं कुठे मारलंय ते दिसत नसेल तर अंधारात अल्ट्राव्हायोलेट टॉर्च फिरवा, डाग पिवळट-हिरवे चमकतात. बऱ्याचदा खालच्या पायरीवर आणि फाटकाच्या खांबावरही सापडतात. तेही धुवायला हवेत. ब्लीच वापरू नका, मूत्रातल्या अमोनियाशी मिसळून घातक वाफा निघतात.

तुळस करपते ती मूत्रातल्या क्षारांनी आणि जास्तीच्या नत्राने. करपलेली पानं खुडा. कुंडीचं खालचं भोक मोकळं आहे ना ते काडी घालून बघा आणि दोन बादल्या पाणी सावकाश, थांबून थांबून ओता, क्षार खालून वाहून जातील. भोक बुजलेलं असेल तर हेच पाणी मुळं कुजवेल. नंतर चार दिवस पाणी नको.

कायमचा उपाय त्या बोक्याची नसबंदी. नसबंदीनंतर दहातल्या साधारण नऊ बोक्यांचं फवारणं थांबतं किंवा अगदी कमी होतं. लगेच नाही, अंगातली संप्रेरकं उतरायला काही आठवडे जातात.

बाजारात आवाजाचं यंत्र आणि हालचाल टिपून पाणी उडवणारं यंत्र मिळतं. घ्यावं का? गेटवर लाल-निळ्या पाण्याच्या बाटल्या टांगल्यात, त्यांचा उपयोग होतो का? (ठाणे)

बाटल्यांचा उपयोग शून्य. निळीचं किंवा कुंकवाचं पाणी भरलेल्या बाटल्या अर्ध्या महाराष्ट्राच्या फाटकांवर आहेत आणि त्यांच्याच सावलीत कुत्री-मांजरं झोपलेली असतात.

आवाजाच्या यंत्रातून माणसाला ऐकू न येणारा, २० किलोहर्ट्झच्या वरचा आवाज निघतो. मांजराला ६० किलोहर्ट्झच्याही वरचं ऐकू येतं, त्यामुळे तत्त्व बरोबर आहे. पण हा आवाज भिंत, झुडूप, मोठी कुंडी यांपलीकडे पोहोचत नाही. यंत्र उघड्या जागी, मांजराच्या उंचीवर, त्याच्या येण्याच्या वाटेकडे तोंड करून लावलं तर येणं कमी होतं. बंद होत नाही. बहिऱ्या मांजरावर परिणाम नाही, आणि निळ्या डोळ्यांच्या पांढऱ्या मांजरांत बहिरेपण बरंच आढळतं. काही यंत्रांचा आवाज लहान मुलांना ऐकू येतो, घरात मुलं असतील तर आधी लावून बघा.

पाणी उडवणारं यंत्र जास्त चांगलं. पण त्याला साधारण दोन बार दाब लागतो, आणि गच्चीवरच्या टाकीचं पाणी दहा मीटर खाली आलं की एक बार दाब मिळतो. एकमजली बंगल्यात टाकी नळापासून तीन-चार मीटर उंच, म्हणजे दाब अर्ध्या बारचाही नाही. पाणी उडण्याऐवजी ठिबकतं. प्रेशर पंप असेल तरच घ्या. अन्यथा ते पैसे कोंबडी जाळीत घाला.

वाफ्यात मांजराची घाण सापडली. त्या वाफ्यातली भाजी खावी का? सून गरोदर आहे. (अमरावती)

प्रश्न टॉक्सोप्लाझ्माचा आहे. हा परजीवी मांजराच्या विष्ठेतून बाहेर पडतो, पण प्रत्येक मांजराच्या आणि रोज नाही. बहुतेक मांजरं आयुष्यात पहिल्यांदा लागण होते तेव्हाच, एक ते तीन आठवडे, तो सोडतात. बाहेर पडल्यावर तो लगेच लागण करत नाही, तयार व्हायला एक ते पाच दिवस लागतात. म्हणून घाण दिसली की त्याच दिवशी काढा. हातमोजे घालून, खुरप्याने, भोवतीच्या दोन इंच मातीसकट. कागदात गुंडाळून कचऱ्यात टाका. खताच्या खड्ड्यात टाकू नका, घरगुती खड्ड्यातली उष्णता भरवशाची नसते.

घाणीला लागून असलेली पालेभाजी उपटून टाका. बाकीची वाहत्या पाण्याखाली पान न्‌ पान धुऊन शिजवून खा. मिठाच्या, व्हिनेगरच्या किंवा पोटॅशियम परमँगनेटच्या पाण्यात बुडवून हा परजीवी मरत नाही. शिजवल्यावर मरतो. ओल्या मातीत तो वर्षभरही तग धरतो, तेव्हा पुढचे दोन-तीन हंगाम त्या वाफ्यात कच्चं खायचं काही (कोथिंबीर, मुळा, गाजर) घेऊ नका. वांगी, दुधी, पडवळ लावा.

सूनबाईंनी बागेतली मातीची कामं या काळात दुसऱ्यांवर सोपवावीत. करायचीच झाली तर हातमोजे घालून, आणि नंतर साबणाने हात धुऊन. शंका असेल तर पुढच्या तपासणीला डॉक्टरांना सांगावं, रक्ताची चाचणी असते.

बागेच्या कोपऱ्यात लाकडांच्या ढिगात भाटीने पिल्लं घातली आहेत. उचलून दुसरीकडे सोडावीत का? (म्हापसा)

नाही. डोळे न उघडलेली पिल्लं आईपासून तोडली तर मरतात. त्यांच्याशी फार लगट केली तर भाटी स्वतःच एकेक मानेला धरून हलवते, पण तुमच्या सोयीच्या जागी नाही. सात-आठ आठवडे तो कोपरा सोडून द्या. ढिगाभोवती रोपं असतील तर जाळी आत्ताच लावा. भाटीला हात लावायला जाऊ नका, या दिवसांत ती ओरबाडते. चावली किंवा ओरखडा आला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि रेबीजच्या लसीसाठी त्याच दिवशी दवाखान्यात जा.

आणखी एक. पिल्लं दूध पीत असतानाच भाटी पुन्हा गाभण राहू शकते आणि साधारण ६५ दिवसांत पुन्हा विते. पिल्लं खाऊ लागली की तिच्या नसबंदीची व्यवस्था लावा, नाहीतर पुढचं पत्रही तुमचंच येईल. पिल्लांची नसबंदी चार महिन्यांची झाली की करता येते.

शेजारच्या काकू सहा मांजरांना खायला घालतात. घाण आमच्या बागेत. सोसायटीत भांडणं झाली. मांजरं पकडून लांब सोडता येतील का? (मुलुंड)

लांब सोडलेली मांजरं अनोळखी जागी उपाशी मरतात किंवा गाडीखाली येतात. आणि रिकाम्या झालेल्या जागेत महिन्या-दोन महिन्यांत दुसरी येतात, कारण काकूंचं ताट तिथेच असतं. काकूंना खायला घालणं बंद करा म्हणूनही भागणार नाही. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार आवारातल्या भटक्या प्राण्यांच्या खाण्याची सोय, खायला घालणाऱ्यांना बरोबर घेऊन, सोसायटीने लावून द्यायची असते.

तेव्हा चर्चेला जाताना तीन मागण्या घेऊन जा, त्यांना नाही म्हणणं काकूंनाही जड जाईल. एक, खाणं ठरल्या वेळी आणि बागेच्या विरुद्ध बाजूला, आणि अर्ध्या तासाने उरलेलं उचलायचं. रात्रभर ताट राहिलं तर मांजरांपाठोपाठ घुशी येतात. दोन, सहाही मांजरांची नसबंदी. मुंबई महापालिकेचा मांजरांच्या नसबंदीचा कार्यक्रम आहे, वॉर्ड ऑफिसात चौकशी करा. नसबंदी झालेल्या मांजराच्या कानाचं टोक किंचित कापलेलं असतं, त्यामुळे कोण राहिलं ते लांबून कळतं.

तीन, मांजरांसाठी वेगळं शौचकूप. याला लोक हसतात, पण सगळ्यांत जास्त फरक यानेच पडतो. खाण्याच्या जागेपासून दूर, आडोशाला, दोन फूट बाय दोन फूट, आठ इंच खोल चौकोन करा. तळाला विटांचे तुकडे, वर बारीक वाळू. पावसासाठी एक पत्रा तिरपा टाका, ओली वाळू मांजर नाकारतं. सुरुवातीला तुमच्या बागेतली घाण लागलेली खुरपंभर माती त्यात टाका, मांजरांना पत्ता त्या वासावरून लागतो. सहा मांजरांना असे निदान तीन चौकोन हवेत. घाण रोज काढायची, वाळू महिन्याला बदलायची, आणि हे काम काकूंचं. दोन दिवस साफ केलं नाही तर मांजरं परत तुमच्या वाफ्यात. तोवर तुमच्या वाफ्यावर जाळी असलीच पाहिजे. दोन्ही एकाच आठवड्यात करा. नुसती जाळी लावलीत तर मांजरं तिसऱ्या घरच्या बागेत जातील आणि भांडण तिकडे सरकेल.

व्हरांड्यातल्या टांगत्या कुंडीत बुलबुलाने अंडी घातली आहेत. मांजर खालून टक लावून बसतं. कुंडी हलवावी का? (पुणे)

कुंडी हलवू नका, बुलबुल घरटं सोडून जाईल. मांजर उभं पाच-सहा फूट उडी मारतं, म्हणून कुंडीच्या खालची आणि बाजूची सहा फुटांतली खुर्ची, चपलांचं कपाट, सायकल हलवा. कठड्यावरून उडी पोहोचत असेल तर तेवढ्या भागावर करवंट्या किंवा कुंड्या दाटीने मांडा, पाय टेकायला जागा नको. घरटं झाडावर असतं तर खोडाला जमिनीपासून पाच फुटांवर दीड फूट रुंद गुळगुळीत पत्रा गुंडाळायला सांगितला असता, तारेने बांधून, खिळे न ठोकता.

अंडी उबायला बारा ते चौदा दिवस, पिल्लं उडायला जवळजवळ तेवढेच. या दिवसांत घरट्यात डोकावू नका आणि कुंडीला पाणी कडेने, बेताने घाला. शेवटच्या दोन-तीन दिवसांत नीट उडता न येणारं पिल्लू खाली पडतं आणि मांजर त्याचीच वाट बघत असतं. पिल्लू दिसलं तर अलगद उचलून जवळच्या दाट झुडपात उंच ठेवा. आईबाप तिथे येऊन भरवतात.